बंदराच्या चढावरचा विसाव्याचा दगड

मी एक जुना दगड आहे. इस्तंबूलच्या बंदराकडून बाजारात चढणाऱ्या गल्लीच्या वळणावर, भिंतीला लागून, माणसाच्या कंबरेइतका उंच असा उभा आहे. मित्रांनो, माझ्यावर कुणाचे नाव कोरलेले नाही. चढणाऱ्या हमालाने पाठीवरचे ओझे घटकाभर टेकवावे, एवढ्यासाठी एका भल्या पाथरवटाने मला घडवले आणि माझा माथा सपाट केला.

साखरेची पोती, गालिचे, लोखंडी पलंग, काय काय टेकले माझ्यावर! हमाल पाठमोरा येई, भार माझ्यावर सोडी आणि “या अल्ला!” म्हणत सुस्कारा टाकी. तो सुस्कारा ऐकला की मला धन्य वाटे.

त्या सगळ्यांत हिदिर म्हणजे वाघ! आरशाचे कपाट घेऊन चढला तरी आरसा हलत नसे. धाकटा भाऊ वेयसेल सदैव त्याच्यासोबत असे. एका हिवाळ्यात बर्फ पडलेले असताना हिदिरने माझ्यावर टेकवलेली पेटी घसरली आणि बाजूला उभ्या वेयसेलच्या पायावर आदळली. पाय कायमचा अधू झाला. वेयसेल गल्लीच्या तोंडाशी तिळाचे गोल पाव विकू लागला. हिदिर त्याच्यासमोरून मान खाली घालून जाई.

तेव्हापासूनची एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. हिदिर ओझे माझ्यावर टेकवी, पण भार माझ्यावर येतच नसे. त्याचे गुडघे वाकलेलेच राहत आणि हात मागे ओझ्याखाली घट्ट रोवलेले असत. लोकांना वाटे, गडी विसावा घेतोय. मला फार वाईट वाटे.

पुढे वेयसेलच्या मुलीचे, एलमासचे लग्न ठरले. नवरीची पेटी काकाने वाहून न्यायची, अशी पोरीची इच्छा. हिदिरने साफ नकार दिला. तेव्हा वेयसेल लंगडत चढ चढून थेट माझ्यापाशी आला. हिदिर एक पोते टेकवून उभा होता.

“सख्खा काका असताना पोरीची पेटी भाड्याच्या हमालाने न्यायची होय?”

“माझ्या हातून नको रे. पुन्हा काही झालं तर? तुझ्या पायाकडे बघवत नाही मला.”

“मग नको बघू! दादा, पाय माझा गेला आणि लंगडतोयस तू! मी तेव्हाच रडून मोकळा झालो. पाव विकले, पोरगी वाढवली. तू अजून त्या बर्फातच उभा!”

हिदिरने पोते पुन्हा पाठीवर घेतले आणि तो चढू लागला.

पण लग्नाच्या दिवशी ढोल-सनईमागून हिदिरची तीच पाठ आली, नवरीची पेटी घेऊन. तो माझ्यापाशी थांबला, गुडघे वाकवूनच. वेयसेल आला आणि मुद्दाम त्याच जुन्या जागी, माझ्या बाजूला उभा राहिला.

“काढ हात, दादा.”

 मग हिदिरने एक हात काढला, पाठोपाठ दुसरा, आणि गुडघे सरळ केले. किती वर्षांनी त्याचा सारा भार माझ्यावर आला! पेटी जागची हलली नाही. तो ढसाढसा रडला.

“काका, आत कोऱ्या चादरी आहेत, भिजवाल!” एलमास डोळे पुसत ओरडली.

आता या गल्लीत हमाल येत नाहीत. पोरे माझ्यावर चहाचे पेले ठेवतात. पाठी मोकळ्या दिसतात, पण काही चेहरे अजून वाकलेले असतात. मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे त्याच्यापाशी थांबा. आणि ओझे नुसते टेकवू नका, खालचा हातही काढा.