आंधळ्या वळणावरचा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. तोंड बघायचा नव्हे, वाट बघायचा. डोंगरातल्या एका गावापासून थोडं वर, घाटातल्या आंधळ्या वळणावर, दरीच्या कडेला एका लोखंडी खांबावर मला बसवलेलं आहे. परातीएवढा गोल, आणि पोट थोडं पुढे आलेलं. हाताच्या काकणाला आरसा कशाला, असं तुमच्यात म्हणतात. काकणाला नसेल लागत, पण कातळाआडून येणाऱ्या ट्रकला लागतो. मात्र माझी गोष्ट ऐकताना मला भला मानायची घाई करू नका. माझ्यावर विश्वास ठेवून एक मुलगी मरणाच्या तोंडाशी जाऊन आली आहे.

माझा जन्म कारखान्यातला. काचेची चकती भट्टीत मऊ करून साच्यावर वाकवली, मागून चकाकता लेप दिला, आणि लेपाला पाणी लागू नये म्हणून पाठीवर पत्रा ठोकला. माझे बरेचसे भाऊबंद मोठ्या दुकानांच्या कोपऱ्यात बसून उचलेगिरी करणाऱ्यांवर नजर ठेवतात. सावलीतली नोकरी! माझ्या वाट्याला डोंगर आला.

मला इथे आणलं रस्त्याच्या मुकादमाने. खड्डे बुजवणाऱ्या चार माणसांवरचा हा माणूस, बोलायला तिखट आणि कामाला वाघ. याच वळणावर त्याचा धाकटा भाऊ सायकलवरून घाट उतरत होता, समोरून लाकडांचा ट्रक चढत होता, आणि मध्ये कातळ. भाऊ जागीच गेला. त्यानंतर मुकादमाने तीन वर्षं कचेरीचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे मी मंजूर झालो. लोक म्हणाले, बैल गेला आणि झोपा केला. मुकादम म्हणाला, "गोठ्यात अजून जनावरं आहेत."

मला बसवताना त्याने आपल्या दहा वर्षांच्या लेकीला लाल टॉवेल देऊन वळणाच्या खाली पाठवलं. स्वतः वर एका दगडावर उभा राहिला, आणि त्याचा गडी मला केसाकेसाने फिरवू लागला. टॉवेलचा लाल ठिपका माझ्या मधोमध आला तेव्हा मुकादम ओरडला, "बस! आवळ!" मग त्याने ब्रश घेऊन माझ्या पकडीपासून खांबापर्यंत एक पांढरी रेघ ओढली. रेघ जुळलेली दिसली की आरसा सरळ. पुढे रोज सकाळी तो यायचा, मला मऊ फडक्याने पुसायचा, रेघेवर नजर टाकायचा आणि कामाला लागायचा. ती रेघ कशासाठी आहे हे मात्र त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. आपण आहोत ना, असं त्याला वाटत असावं.

वर्षं गेली. गाव देखणं, त्यामुळे लांबलांबून लोक सायकली चालवायला येऊ लागले. मुकादमाची लेक मोठी झाली आणि पाहुण्यांना घेऊन फिरू लागली. तळ्याची फेरी सपाट, लेकुरवाळ्या लोकांसाठी. रानाची फेरी सावलीतली. आणि घाटाची फेरी, जिच्यासाठी हौशी मंडळी जीव टाकायची. उतरताना माझ्या अलीकडे ती हात वर करून सांगायची, "वेग कमी करा, आरशात बघा, रस्ता मोकळा असेल तरच वळा. आरसा माझ्या बाबांनी लावलाय." ते ऐकलं की माझं पोट आणखी थोडं पुढे यायचं.

मग मुकादमाच्या गुडघ्यांनी संप पुकारला. तो लेकीच्या सायकलींच्या शेडमध्ये पंक्चर काढत बसू लागला, आणि मला पुसायचं काम तिच्याकडे आलं.

"आरसा पुसतेस ना गं?" तो विचारायचा.

"रोज पुसते, बाबा. तुमच्यापेक्षा चकचकीत."

ती खोटं बोलत नव्हती. पण माझ्या पकडीचे बोल्ट गंजून सैल होत चालले होते, आणि तिकडे बघायला हवं हे तिला ठाऊकच नव्हतं.

एके दिवशी तिच्या पाहुण्यांमधल्या एका सज्जन गृहस्थाला माझ्यात सगळ्यांचा फोटो हवा होता, मागे गावाची छपरंही यायला हवी होती. त्याने मला दोन्ही हातांनी धरून फिरवलं. लेकीनेच फोटो काढला. फोटो सुरेख आला, उगाच नाही कशाला म्हणू? "आता होता तसा फिरवा हं," ती म्हणाली. त्याने फिरवला, अंदाजाने. तिने वरून पाहिलं, माझ्यात रस्ता दिसत होता. तिने मान डोलावली आणि सगळे निघून गेले.

मित्रांनो, रस्ता दिसत होता, पण तो हा रस्ता नव्हता. गावाच्या बाजूला एक जुना रस्ता आहे. दरड कोसळल्यापासून तो बंद आहे, तिथे चिटपाखरूही फिरकत नाही. माझ्या पोटात सगळेच रस्ते सुतासारखे बारीक दिसतात, एकासारखा दुसरा. आता वरून येणाऱ्याला माझ्यात तोच दिसू लागला. सकाळी रिकामा. दुपारी रिकामा. खालून गाडी घरघरत येत असली तरी रिकामा. मला ती ऐकू यायची आणि माझा जीव टांगणीला लागायचा. पण आरशाला ओरडता येत नाही. जिकडे तोंड असेल तेवढंच तो दाखवतो.

दुसऱ्या दिवशी दुधाची गाडी चढत होती. वरून एक सायकलवाला आला, माझ्यात पाहिलं, आणि बिनधास्त वळला. कसाबसा बाजूला जाऊन तो गटारात पडला. गुडघे खरचटले, तेवढ्यावर भागलं.

"आरशात तुम्ही नव्हता!" तो ओरडला.

"मग मी काय भूत आहे?" दूधवाला म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने शेडमध्ये हा किस्सा रंगवून सांगितला. "मुकादम, तुमचा आरसा म्हातारा झाला. त्यालाही दिसेनासं झालंय!" सगळे हसले. मुकादमाने हातातली ट्यूब खाली ठेवली.

"रेघ जुळलेली होती का?"

"कसली रेघ?"

लेक सकाळीच आठ जणांना घेऊन घाटाच्या फेरीला गेली होती. फोन लागेना. "गाडी काढ," मुकादम म्हणाला. वाटेत लाकडांनी भरलेला ट्रक पुढे चढत होता, काही केल्या पुढे जाऊ देईना. इंजिनात पाणी ओतायला तो थांबला, तेव्हा कुठे दुधाची गाडी पुढे निघाली. वळणावर मुकादम खाली उतरला, आणि दूधवाला वर असलेल्यांना थांबवायला पुढे गेला. त्याने जिवाच्या आकांताने हात हलवले. पाहुण्यांना वाटलं, माणूस प्रेमळ आहे. त्यांनीही हात हलवले. सगळ्यात पुढे असलेल्या लेकीनेही हलवला.

इकडे मुकादमाने रेघ पाहिली. चार बोटं सरकली होती. त्याने मला धरून ओढलं, पण तेवढ्यात वरून सायकलींच्या घंट्या आणि खालून ट्रकचा आवाज एकदमच आला. मला सोडून तो त्या मोडक्या गुडघ्यांनी रस्त्यात धावला.

ती आली. वेग कमी केला. आणि त्याने शिकवलं होतं तसं आधी माझ्याकडे पाहिलं. माझ्यात रस्ता रिकामा होता.

"आरशाकडे नको! माझ्याकडे बघ, पोरी! माझ्याकडे बघ!"

तिची नजर माझ्यावरून निघून त्याच्याकडे जायला जो क्षण लागला, तो मी विसरू शकत नाही. तिने करकचून ब्रेक दाबले, सायकल घसरली, ती कातळाकडे फेकली गेली आणि तिच्या खांद्याचं हाड मोडलं. ट्रकचं पुढचं चाक तिच्या सायकलवर चढून थांबलं. सायकलवर ती नव्हती, एवढंच.

त्या दिवशी माझ्यावर पोतं बांधून गेलेला मुकादम आठ दिवसांनी पाने आणि नवे बोल्ट घेऊन आला आणि पोतं काढलं. एकदा माझ्याकडे बघत त्याने दगड उचललेला मी पाहिला. मग खाली ठेवला. मला सरळ करून त्याने हात गळ्यात बांधलेल्या लेकीला रेघ दाखवली.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस." मग तोच म्हणाला, "मीच सांगायला हवं होतं गं."

मित्रांनो, माझे फोटो खुशाल काढा. पण ज्या वस्तूच्या भरवशावर कुणी चालतं, तिला हात लावून पुन्हा अंदाजाने ठेवू नका. आणि तुमच्याकडे काही खूण असेल, तर ती पुढच्याला सांगून ठेवा. मी आज सरळ आहे. वारा सुटला की खालचा बोल्ट मात्र अजून किंचित कुरकुरतो.

लेक अजून घाटाची फेरी करते. माझ्या अलीकडे सगळ्यांना उतरवते आणि कातळाच्या कडेने एकामागे एक चालत नेते. "आरसा आहे की!" एखादा पाहुणा म्हणतो. "आहे. तरी उतरा," ती म्हणते. रोज सकाळी येऊन ती रेघ बघते, मला स्वच्छ पुसते आणि निघून जाते. माझ्यात मात्र बघत नाही. तिचं बरोबरच आहे.