मॅगझिन काढल्यावर

“साळवे, नळी कुठं बघतीय?”

“समोर, उस्ताद.”

“आन बोट?”

“ट्रिगरच्या भाईर.”

नगरबाहेरच्या माळावर पोलिसांना नेमबाजी शिकवणाऱ्या वैजनाथ उस्तादांनी पिस्तूल हाती देईपर्यंत स्टेला साळवेनं पिस्तूल फक्त नवऱ्याच्या गप्पांत ऐकलं होतं. नवरा जोएल पोलिसात. तो गप्पा हाणायला बसला की घोडेगावच्या बाजारातल्या म्हशी रवंथ थांबवायच्या. एका गोळीत म्हणे त्यानं चिंचेचा आकडा पाडला, तो खालच्या लांडग्याच्या टाळक्यात बसला आणि लांडगा लाजून कर्जतला निघून गेला. खरं तर नोकरीभर त्यानं कागदी पुतळ्याशिवाय कशावर गोळी झाडली नव्हती.

गेल्या नाताळाआधी ड्यूटीवर पिस्तूल पुसताना गोळी सुटली आणि जोएल गेला. इतका मुरलेला गडी चुकेल कसा, गाव म्हणायचं. त्यानं सोताच... एवढं बोलून थांबायचं. ते थांबणं फार लागायचं. सासू लिडियाबाई चर्चमध्ये लेक-सुनेसोबत पहिल्या बाकावर बसत, त्या शेवटच्या बाकावर गेल्या. स्टेला कुणाशी भांडली नाही. आदल्या रात्री तो जेवला नव्हता, हे तिलाच ठाऊक होतं. पुढं अनुकंपावर तिला पोलिसात घेतलं.

“करा खाली, पार रिकामं,” उस्ताद म्हणाले.

तिनं कळ दाबली, गोळ्यांची मॅगझिन काढून घेतली, पिस्तूल टेबलावर ठेवलं. “खाली, उस्ताद.”

“नक्की?”

“व्हय. समद्या गोळ्या माझ्या हातात हायेत.”

“वरचा भाग मागं वढा.”

तिनं ओढला. टण्णकन एक गोळी उडून तिच्या बुटापाशी पडली.

“डमी हाय, भिऊ नका. नव्या मानसाला मी मुद्दाम घालून देतो. मॅगझिन काढली तरी एक नळीच्या बुडाशी ऱ्हाती. उघडायचं, बघायचं, बोटानं चाचपायचं. मंगच खाली म्हनायचं.”

स्टेलानं गोळी उचलली. “जुन्या मानसाकडूनबी होतं असं?”

जोएललाही उस्तादांनीच शिकवलं होतं. ते समोरच्या कागदी पुतळ्याकडं बघून म्हणाले, “नवा भितो, म्हनून बघतो. जुन्याचा हात डोळ्याला इचारत न्हाई.”

संध्याकाळी लिडियाबाई भाकरी थापत होत्या. “उडवली का गोळी?”

“उडवली. मातीत गेली.”

“जोएल म्हनायचा, पुतळा त्याला बघूनच मरतो.”

दोघी हसल्या. मग स्टेला म्हणाली, “आई, आज माझ्याकडून एक आत राह्यली. मला वाटलं, खाली हाय.”

लिडियाबाईंचे हात परातीतच राहिले. तव्यावरची भाकरी करपली. “मंग त्याचंबी तसंच झालं आसंल?”

न जेवलेलं ते ताट स्टेलाच्या डोळ्यांपुढं आलं.

“तसंच झालं, आई.”

रविवारी चर्चमध्ये लिडियाबाई सवयीनं शेवटच्या बाकाकडं वळल्या. स्टेलानं त्यांचा हात धरला आणि सगळ्यांच्या देखत पुढं नेलं. पहिल्या बाकावर धूळ होती. लिडियाबाईंनी ती पदरानं पुसली. तिघांपुरती.