हात सोडून बाकी सगळं

"हलू नका म्हटलं नं मी."

"मी कुठी हलून राह्यलो? हात हलून राह्यला. त्याले सांग."

सुलोचनाबाईंनी कॅमेऱ्यामागून डोकं वर काढलं. मधुकरराव मागच्या दाराशी आपल्या लाकडी खुर्चीत बसले होते. डावा हात मांडीवर होता, उजवाही मांडीवरच होता, पण तो आपल्या मनाचा मालक. बोंडातली सरकी चाचपावी तसा अंगठा बोटांवर फिरत होता. चार वर्षांपासून फिरतच होता. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी त्या फिरण्याला इंग्रजी नाव दिलं होतं, गोळ्याही दिल्या होत्या. गोळ्यांनी हात दुपारपर्यंत जरा वचकून राही, मग पुन्हा कामाला लागे.

त्यांच्या पाठीमागे दार सताड उघडं, दारातून परसातली लिंबोणी, आणि लिंबोणीवर हिंगणघाटचं एप्रिलचं ऊन. हीच तर सगळी अडचण होती. मोबाइलवर फोटो काढला की एक तर मधुकरराव कोळशासारखे काळे येत आणि लिंबोणी दिसे, नाही तर मधुकरराव दिसत आणि लिंबोणीच्या जागी चुन्याची भिंत. बावीस वर्षं हा माणूस ड्युटीवरून येऊन याच दारात, त्याच झाडाकडे पाठ करून चहा प्याला. पण दोघं एका फोटोत मावायला तयार नव्हते.

त्यावर तोड काढली ती गुंजनने. सुलोचनाबाईंच्या बहिणीची ही मुलगी नागपूरला फोटोग्राफीचा कोर्स करते. मागच्या महिन्यात आली तेव्हा आपला जुना कॅमेरा, तीन पायांचा स्टँड आणि एक जुना लॅपटॉप ठेवून गेली. एकाच जागेचे तीन फोटो घ्यायचे. एक उन्हाच्या हिशोबाने, एक सावलीच्या, एक मधला. मग लॅपटॉप ते एकावर एक बसवतो आणि प्रत्येकातलं जे चांगलं दिसतं तेवढं उचलतो. त्याला एचडीआर म्हणायचं. सुलोचनाबाईंनी तीस वर्षं ब्लाउज शिवले. अस्तर, कापड आणि काठ कोपऱ्याला कोपरा लावून बसवायचे, मध्ये काही सरकू द्यायचं नाही, हे त्यांना कुणी नव्याने सांगायची गरज नव्हती. गुंजनला वाटलं होतं मावशीला महिना लागेल. मावशीला तीन दिवस लागले, आणि त्यातला एक चार्जर शोधण्यात गेला.

येत्या रविवारी अंकुश गाडी घेऊन येणार होता. आईबाबांनी आता पुण्यात आपल्याकडे राहायचं, तिथे डॉक्टर जवळ, हे त्याने ठरवलं होतं आणि त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. घर शेजारच्या प्रेमदासने घेतलं. त्याला मागे दोन खोल्या वाढवायच्या आहेत, म्हणजे आधी लिंबोणी जाणार. तो बिचारा हे सांगताना इतका ओशाळला की सुलोचनाबाईंनाच त्याला चहा करून द्यावा लागला.

म्हणून दहा दिवस त्या स्टँड काखेत मारून हिंडत होत्या. जिन्याखालची शिलाई मशीनची जागा घेतली. वणा नदीच्या पुलाचा कठडा घेतला. मधुकरराव जिथे कामाला होते त्या जिनिंगचं, सरकी-कापूस वेगळा करायच्या कारखान्याचं, फाटक घेतलं. सीझनमध्ये दोन-दोन पाळ्या चालत तेव्हा त्या याच फाटकाशी डबा घेऊन उभ्या राहत. आतल्या अंधारातून मधुकरराव बाहेर येत, भुवयांवर रुई, अन् पार जवळ येईपर्यंत चेहरा ओळखू येत नसे, चालीवरून ओळखायचं. आता फाटकाला कुलूप होतं. चौकीदाराने विचारलं, बाई, बंद फाटकाचा फोटू कायले? सुलोचनाबाई म्हणाल्या, उघडं होतं तेव्हा माझ्याजवळ कॅमेरा नव्हता.

सगळे फोटो निघाले. राहिला तो हा एक, दारातला, आणि तोच तीन दिवस जमत नव्हता. आजही त्यांनी लॅपटॉप गुडघ्यावर घेऊन तीन फोटो एकावर एक बसवले. लिंबोणीची पानन् पान आली. भिंतीवरची चीर आली. मधुकररावांच्या मिशीतले तीन काळे केस आले. आणि उजव्या मांडीवर एकात एक अडकलेले तीन हात आले, धुक्यातले असावेत तसे.

त्यांनी गुंजनला फोन लावला. ती हसली. "मावशी, त्याले घोस्ट म्हणते. तीन फोटूच्या मधात काही हललं का तसं होते. खाली बटन आहे पाह्य, दाबलं का साफ."

त्यांनी दाबलं. लॅपटॉपने क्षणभर विचार केला आणि तीन हातांतले दोन पुसून टाकले. उरला तो एक, मांडीवर शांत पडलेला, नख अन् नख स्वच्छ.

सुलोचनाबाईंनी लॅपटॉप जवळ ओढला. हा हात त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. जिनिंगमध्ये रोलर आणि चाकू यांच्यात कागद जाईल एवढीच फट ठेवायची असते, आणि मधुकर फिटर ती माप न लावता, नुसत्या बोटांनी ठेवतात असं देवळीपर्यंत बोललं जायचं. तिथले जिनवालेही बोलावून न्यायचे. याच हाताने त्यांच्या सुईत दोरा ओवून दिला होता, डोळे पहिल्यांदा दगा देऊ लागले तेव्हा. चार वर्षं हेच मागत होत्या त्या, देवापाशी, डॉक्टरापाशी. आणि ते एका बटणाखाली निघालं.

त्यांनी लॅपटॉप नवऱ्यापुढे धरला. मधुकरराव वाकून बघू लागले. मग त्यांनी आपला उजवा हात त्या हाताशेजारी नेला. काचेवर तो टकटक वाजायला लागला, कुणीतरी दार ठोठावतं आहे तसा.

"पहिलेचा हात आहे हा माझा," ते म्हणाले. "अंकुशले हाच पाठवजो. त्याले बरं वाटन."

"अन् मले?"

"तुले काय पाह्यजे आता?"

सुलोचनाबाई उठल्या, कॅमेऱ्याचं दहा सेकंदांचं बटण दाबलं आणि पदर सावरत येऊन खुर्चीशेजारी उंबऱ्यावर बसल्या. मधुकररावांचा उजवा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला. गच्च धरला तर तीन फोटोंपुरता तरी थांबेल, असा त्यांचा साधा हिशोब होता.

तो थांबला नाही. आधी त्यांच्या बोटांत आला, मग मनगटात, मग कोपरापर्यंत. बांगड्या हलक्याच किणकिणू लागल्या. पाठीवर लिंबोणीकडून उन्हाची झळ येत होती. समोर कॅमेऱ्याने खट केलं, मग जरा लांबलेलं खट, मग आणखी लांबलेलं.

"आता तूच हलून राह्यली," मधुकरराव म्हणाले.

"हलू द्या."

लॅपटॉपने तीन फोटो एकावर एक बसवले. लिंबोणी आली, पानं, त्यांतली पिवळी लिंबंसुद्धा. दार आलं, चीर आली, दोन म्हातारे चेहरे आले, त्यातला एक हसू दाबणारा. मध्ये मात्र हातांचा नुसता गलका होता. कुठला कुणाचा ते त्यांनाही सांगता येईना, आणि बांगड्यांच्या जागी हिरवा धूर.

खाली ते बटण होतं. सुलोचनाबाईंनी बाण त्याच्यावर नेला, तिथे थोडा वेळ राहू दिला, मग बाजूला घेतला. लॅपटॉप मिटून त्या डालकी घेऊन परसात गेल्या. रविवारच्या आत जेवढी पिकली होती तेवढी लिंबं उतरवून घ्यायची होती.