कानतुटीचं पिल्लू

मानपाडा रोडवरच्या त्या सोसायटीत तीन-चार मांजरं होती. त्यातली एक पांढरी, काळ्या-पिवळ्या ठिपक्यांची, उजव्या कानाची कड तुटलेली. तिला सगळे कानतुटी म्हणत. तिने दुसऱ्या मजल्यावरच्या नंदाच्या गॅलरीत घुसून नव्याने पिंजून आणलेली गादी खराब केली, आणि नंदाचा पारा चढला.

एरवी नंदा इतकी चिडली नसती. सव्वीस वर्षं ती वागळे इस्टेटमधल्या एका स्विच बनवणाऱ्या कंपनीत चेकिंगला होती. प्रत्येक नग हातात घ्यायचा, बघायचा, चुकीचा असेल तर बाजूला टाकायचा. गेल्या दिवाळीत कंपनीने ते युनिट बंद केलं आणि चोपन्नाव्या वर्षी ती घरी बसली. तेव्हापासून तिला घरात, जिन्यात, सगळीकडे चुकीचंच दिसायला लागलं होतं.

तिचा नवरा साईनाथ सोसायटीचा सेक्रेटरी. नोकरी मानपाड्याच्या पुढे, एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात. नंदा दोन दिवस त्याच्या मागे लागली.

"अहो, तुम्ही सेक्रेटरी कशाला झालात मग? एक मांजर हलवता येत नाही?"

तिसऱ्या दिवशी ड्यूटीला जाताना साईनाथने कानतुटीला पोत्यात घालून नेलं. संध्याकाळी आल्यावर म्हणाला, "सोडली. आमच्या कँटीनमागे. तिकडे खायला भरपूर आहे."

नंदाने गादी उलटी करून उन्हात टाकली. विषय संपला असं तिला वाटलं.

दोन दिवसांनी ती गोधड्या वाळत घालायला गच्चीवर गेली, तर टाकीखालून बारीक आवाज येत होता. तिथे गणपतीच्या जुन्या मखराचं खोकं पडलं होतं. तिने थर्माकोलचे तुकडे बाजूला केले. आत तीन पिल्लं. एक कडक झालेलं. दुसरं, पांढरं, मान वर करून थांबून थांबून ओरडत होतं. तिसरं, करड्या पट्ट्यांचं, ओरडतही नव्हतं.

नंदा खोक्याशेजारी बसूनच राहिली. मग पदरात दोन्ही जिवंत पिल्लं घेऊन खाली आली.

घरात म्हशीचं दूध होतं. तिने ते कोमट केलं. औषधाचा ड्रॉपर सापडला. पांढऱ्या पिल्लाला तान्ह्या मुलासारखं उताणं मांडीवर घेतलं आणि तोंडात दूध सोडलं. ते अधाशासारखं प्यायलं, ठसकलं, नाकातून दूध आलं. तिने पाठ थोपटली आणि पुन्हा पाजलं. भुकेलंय, पिऊ दे, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते पिल्लू घरघर करत गेलं.

करड्याला घेऊन ती स्टेशनजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर रचना तिशीतली, बोलायला सरळ. तिने सगळं ऐकून घेतलं.

"काकू, उताणं पाजलं ना, दूध फुप्फुसात गेलं असणार. पिल्लाला कायम पोटावर ठेवायचं, जसं आईजवळ पितात तसं. आणि आपलं दूध नको, त्यांना पचत नाही."

"म्हणजे मीच मारलं."

रचनाने करडं पिल्लू काट्यावर ठेवलं. "तुम्हाला माहीत नव्हतं. याचं बघू या आता. दात आलेत बघा. चार आठवड्यांचं असेल. पावडरचं दूध देते ते चालू ठेवा, पण याला आता खायला शिकवावं लागेल. वजन तीनशे तीस ग्रॅम. ते रोज करायचं आणि लिहून ठेवायचं. उकडलेलं चिकन, मीठ नाही, हळद नाही, या दुधात वाटून पातळ. एरवी आई खाते ते बघून शिकतात. आई कुठेय?"

"आणता येईल," नंदा म्हणाली. "मिस्टरांच्या कंपनीत आहे."

त्या रात्री जेवताना तिने साईनाथला सांगितलं. पिल्लांचं ऐकून त्याचा हात ताटातच थांबला.

"उद्या येताना घेऊन या तिला. पोत्यात नको, मी पिशवी देते जाळीची."

"बघतो. दिसली तर."

दुसऱ्या दिवशी तो रिकामी पिशवी घेऊन आला. "आज दिसली नाही." तिसऱ्या दिवशी म्हणाला, "सकाळी होती म्हणे, मी गेलो तेव्हा नव्हती." नंदा रोज विचारत होती. तो रोज काहीतरी सांगत होता.

इकडे पिल्लू खात नव्हतं. श्रावण चालू होता. घरात मांसाहार नाही, म्हणून नंदाने गॅलरीत इंडक्शन लावून जुन्या पातेल्यात चिकन उकडलं आणि वेगळ्या भांड्यात वाटलं. बशीत पातळ करून पुढे ठेवलं. पिल्लू बशीतून चालत पलीकडे गेलं. तिने बोटाला लावून तोंडाशी धरलं. त्याने बोट चावलं, चव कळताच मान झटकली. तिने त्याचं नाक हलकेच बशीत टेकवलं, तर त्याला शिंकांवर शिंका आल्या आणि ते फ्रिजखाली जाऊन बसलं. दूध मात्र पोटावर बसवून सिरिंजने दिलं की थोडं घ्यायचं. तेही कमी कमी.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन तीनशे वीस झालं. मग तीनशे बारा. मग तीनशे चार. नंदा कॅलेंडरवर आकडे लिहीत होती. आयुष्यभर तिने चुकीचा नग बाजूला टाकला होता. हा नग घेऊन काय करायचं हे तिला कळत नव्हतं.

खाली गेटशी आवडाबाई बसायची. जवळच्याच गावची म्हातारी आगरीण. एरवी मासळी विकायची, श्रावणात टोपलीत शिराळी नि काकड्या. कानतुटीला डोकी-शेपट्या तीच टाकायची. नंदा पिल्लाला रुमालात घेऊन तिच्याकडे गेली.

आवडाबाईने पिल्लाच्या पोटावरून बोट फिरवलं. "हाडं लागतान गो. याची आयस कुठं गेली?"

"आमच्या ह्यांनी सोडली लांब. मला पिल्लांचं माहीत नव्हतं."

आवडाबाईने मान वर केली. "थानं भरलेली होती तिची. आंधल्याला पन दिसली असती. तुना दिसली नाय?"

नंदाने पिल्लू परत रुमालात गुंडाळलं. शिराळी न घेताच वर आली.

दुसऱ्या दिवशी तिने ठरवलं की आपणच जाऊ. पिल्लू ज्या फडक्यावर झोपायचं ते पिशवीत घातलं, दूध-पोळीचा डबा घेतला आणि दुपारी रिक्षाने कारखान्यावर गेली. वॉचमन ओळखीचा होता, त्याने कँटीनपर्यंत सोडलं. मागच्या बाजूला लक्ष्मी नावाची बाई पातेली घासत होती.

"इथे एक मांजर असते ना? तुटक्या कानाची?"

"मांजर?" लक्ष्मीने हात धुतले. "नाय ओ ताई. इथं वासानं उंदीर पण टिकत नाय. मी सात वर्षं आहे, मांजर नाही बघितली."

तेवढ्यात कुणीतरी निरोप दिला असावा, साईनाथ आतून बाहेर आला. निळ्या कपड्यांवर रंगाचे शिंतोडे. नंदाच्या हातातलं फडकं बघून तो जागीच उभा राहिला. मग म्हणाला, "चल, बाहेर बोलू."

गेटबाहेर स्कूटरींची रांग होती. तो आपल्या स्कूटरपाशी थांबला, पण नंदाकडे बघेना.

"कुठेय ती?"

"नाहीये."

"म्हणजे?"

"त्या दिवशी पंचिंगला उशीर होत होता. पोतं डिकीत होतं. म्हटलं, पंच करून येतो आणि मागच्या माळावर सोडतो. पाचच मिनिटं. आत गेलो तर लाइन बंद पडलेली. सुपरवायझरने सोडलंच नाही. दीड तासाने आलो." त्याने रुमालाने तोंड पुसलं. "ऊन होतं. गाडी उन्हात होती."

नंदा शेजारच्या कट्ट्यावर टेकली.

"त्या भिंतीमागे पुरली मी तिला. खोल पुरली."

"आणि मला सांगितलंत कँटीनमध्ये आहे. रोज सांगत होतात. मी तिच्या आशेवर त्या जिवाला..."

"तू रोज विचारत होतीस, नंदा! पिल्लं आहेत म्हणालीस त्याच्यानंतर कसं सांगायचं होतं मी? माझ्या तोंडातून निघालं नाही. काल पण ठरवून आलो होतो, सांगू म्हणून." त्याचा आवाज फाटला. "मला काय माहीत पिल्लं आहेत? माहीत असतं तर हात तरी लावला असता का?"

रस्त्यावरून एक टँकर गेला.

"मला माहीत होतं," नंदा म्हणाली.

"काय?"

"ती ओली आहे, पिल्लं पाजतेय हे. गॅलरीत आली तेव्हा थानं दिसली होती मला. दिसली आणि मी बघितलं नाही असं केलं. गादीचा राग होता. म्हटलं, असतील कुठेतरी, घेऊन जाईल बरोबर."

साईनाथने आता तिच्याकडे बघितलं. तो काहीतरी बोलेल, आरडाओरडा करेल म्हणून ती वाट बघत होती. पण तो नुसता बघत राहिला, आणि ते तिला जास्त जड गेलं. आतून भोंगा वाजला. "रिक्षा करून देतो," तो म्हणाला.

"मी जाते."

घरी आली तेव्हा पिल्लू खोक्याच्या कोपऱ्यात डोळे मिटून बसलं होतं. तिने पुढे केलेलं दूधही त्याने ओठांवरून ओघळू दिलं. वजन दोनशे अठ्ठ्याण्णव. तिने त्याला पदरात गुंडाळलं आणि तशीच दवाखान्यात गेली.

रचनाने आधी पिल्लाचं नाक बघितलं. नाकाशी पिवळट खपली जमली होती.

"काकू, हे बघा. नाक चोंदलंय. मांजराला वास आला नाही तर ते खात नाही. चव नंतर, आधी वास. तुम्ही किती का द्या, त्याला ते अन्न आहे हेच कळत नाहीये." तिने मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाक हळूहळू मोकळं केलं, कातडीखाली सलाइन दिलं, थेंब लिहून दिले. "अन्न कोमट करा, वास सुटला पाहिजे. बशीत नाक दाबू नका, घाबरतात. पुढच्या पंजावर थोडं लावा. ते चिकट लागलं की चाटून काढणारच. त्यात शिकायचं काही नसतं. आईला कधी आणताय?"

"आई गेली," नंदा म्हणाली.

रचनाने औषधाची चिठ्ठी तिच्या हातात दिली. "मग आता वाट बघू नका. सगळं तुम्हालाच करायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी साईनाथ आंघोळीला गेलेला असताना नंदा स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली. नाक पुसलं, थेंब घातले. चिकनची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट केली. मग नखाएवढं वाटण पिल्लाच्या उजव्या पंजावर लावलं आणि हात मागे घेतला.

पिल्लाने पंजा झटकला. फरशीवर टेकवला, पुन्हा उचलला. मग खाली वाकून एकदा चाटलं. थांबलं. नाकपुड्या हलल्या. पुन्हा चाटलं, आणि मग पंजा स्वच्छ होईपर्यंत चाटतच राहिलं. नंदाने पुन्हा लावलं. चौथ्या वेळी तिने पंजाऐवजी बशीची कड पुढे सरकवली. पिल्लू मान तिरकी करून कडेवरचं चाटू लागलं, आणि मधेच त्याच्या घशातून बारीक गुरगुर आली, कुणी हिसकावून घेईल अशी.

साईनाथ टॉवेल घेऊन दारात उभा होता. "खातंय?" त्याने हळूच विचारलं.

"गुरगुरतंय बघा."

तो तिथेच, दाराला टेकून, खाली बसला. कारखान्याच्या बसची वेळ टळून गेली तरी उठला नाही. स्कूटर त्याने कालपासून कारखान्यातच ठेवली होती. नंदाने त्याला जवळ या म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

सगळं एकदम सुरळीत झालं नाही. तिसऱ्या दिवशी जुलाब लागले, दोन दिवस पुन्हा दुधावर आणावं लागलं. मग तीनशे पाच, तीनशे अठरा, तीनशे चाळीस. वाटण दाट झालं, मग हाताने कुस्करलेले तुकडे. पिल्लू अंगावर धावून यायला लागलं. त्याला नाव ठेवायचं दोघांपैकी कुणीही सुचवलं नाही. रात्री कधी नंदा पाणी प्यायला उठली की साईनाथ जागाच असायचा. तो काय विचार करतोय हे ती ओळखून होती, पण विचारायची नाही. थानं दिसूनही ती गप्प राहिली याबद्दल तो काय म्हणेल, याचीही तिला भीती होती.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात तिने आवडाबाईला जाऊन सगळं सांगितलं. डिकीचं, उन्हाचं, आणि थानं दिसल्याचंही. आवडाबाईने ऐकून घेतलं. टोपली उचलून डोक्यावर घेतली आणि पलीकडच्या सोसायटीच्या गेटशी जाऊन बसली. पुढचे पंधरा-वीस दिवस ती तिथेच बसत होती. नंदा गॅलरीतून बघायची.

गौरी-गणपती झाले. एका सकाळी बेल वाजली. दारात आवडाबाई, धापा टाकत, हातात कागदात बांधलेली मांदेली मासळी. आत न येता तिने वाकून बघितलं. पिल्लू पाटाखालून बाहेर आलं, वासाने शेपूट ताठ करून तिच्या पायाशी घुटमळू लागलं.

आवडाबाईने कागद नंदाच्या हातात दिला.

"उकडून दे. काटा काडतंस ना?"

"काढते."

"नीट बघून काड," ती म्हणाली, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरू लागली.