एका मिनिटाचं होय

अकोल्याचा परवेज दर शनिवारी अमरावतीच्या एका छोट्या दवाखान्यातला कॉम्प्युटर पाहायला यायचा. शेतीनं खचवलेल्या घरांतल्या माणसांना हा दवाखाना मनाच्या आजारावरच्या गोळ्या पाठवायचा. कोणाच्या पोचल्या, कोणाच्या राहिल्या, हे परवेजनं लिहिलेला प्रोग्राम विचारायचा. पण काळ्या पडद्यावर लुकलुकणारी ती रेघ दिसली की तिथं नोंदी ठेवणाऱ्या निवृत्त नर्स मनकर्णाबाईंच्या हातांना घाम फुटे. "मले नाई जमत बाप्पा हे," म्हणून त्या मोकळ्या होत.

मग परवेजनं तोच प्रोग्राम खिडक्यांत बसवला. वर पेशंटचं नाव, खाली मराठीत प्रश्न, 'गोळ्या पोचल्या का?' आणि दोन बटणं, होय अन् नाही. 'नाही' दाबलं की गोळ्या पुन्हा पाठवल्या जात. मनकर्णाबाई हरखल्या. गडी स्वतःवर इतका खूश झाला की वर आणखी शहाणपणा केला. खिडकी उघडी राहिली तर काम अडतं, म्हणून मिनिटभरात उत्तर आलं नाही तर 'होय' धरून पुढं जायचं. हे सांगायचं मात्र राहून गेलं.

मनकर्णाबाईंनी चाळीस वर्षांत पेशंटला विचारल्याशिवाय कागदावर खूण केली नव्हती. प्रश्न आला की त्या उठत, बाहेरच्या खोलीतून फोन लावत. खेड्यातला फोन लागता लागत नाही. परत येईस्तोवर पुढचं नाव आलेलं असे. राहिलेलं नाव मशीन उद्या पुन्हा विचारेल, असं त्यांना वाटे.

त्या शनिवारी दर्यापूरकडचे देवराव आले. "महिना झाला, माह्या लेकीच्या, सुभद्राच्या गोळ्या आल्या नाई. परवा घरातून गेली, पत्ता नाई. विहिरी पाहून झाल्या."

परवेजनं नोंद काढली. सुभद्रा, होय. आणखी दहा जणांपुढं तसंच होय, सगळं बरोबर साठाव्या सेकंदाला.

मनकर्णाबाई रडू लागल्या. "माह्याच हातून झालं रे. तू एवढं सोपं करून देल्लं, अन् म्या..."

गप्प राहिला असता तर कोणाला कळलंही नसतं. क्षणभर तो गप्प राहिलाही, आणि त्याची त्याला लाज वाटली.

"मावशी, ते होय तुमचं नाई. माह्यं हाये." त्यानं देवरावांसमोरच सगळं सांगून टाकलं.

देवरावांनी विचारलं,

"एका मिनिटाची काय घाई होती तुले?"

मनकर्णाबाईंनी डोळे पुसले, फोन हातात घेतला. "बाकीची दहा नावं वाच," त्या म्हणाल्या. परवेज पहिलं नाव वाचू लागला.