हात न लावलेला फोल्डर

ब्रेल छापखान्यात तोरा कुणाचा, तर प्रुफं वाचणाऱ्या बाईंचा. जन्मापासून दिसत नव्हतं, पण बोटांखालून एक चूक सुटेल तर शपथ! आणि आज छापखान्याचे साहेब त्यांनाच सांगत होते, "बाई, जुनीच फाइल छापू. चारला गाडी निघते."

"जुनीत गणिताची अठरा उत्तरं चुकलीत!" बाई कडाडल्या. "परवा अकरा मुली परीक्षेला बसणार. असल्याच पुस्तकापायी मी गणितात नापास झाले होते, साहेब. मी नाही छापू देणार."

दुरुस्त फाइल होती मुख्य कार्यालयात, बसने सहा तासांवर. दर आठवड्याला तिथला शिपाई पेनड्राइव्ह खिशात घालून यायचा. सहा वर्षं हाच शिरस्ता. आज नेमका पूल बंद, शिपाई वाटेत अडकलेला. आकृत्यांनी फाइल इतकी फुगली होती की ईमेलनेही जाईना.

पण बाई हार मानतात होय! दुरुस्त प्रत इथेच कुठे पडली असेल म्हणून संगणकासमोर बसल्या, पडदा वाचून दाखवणारा आवाज कानाला लावला आणि बाण दाबत एकेक फोल्डर ऐकू लागल्या. पत्रं. पावत्या. हात लावू नका.

"हे काय हो?"

"सोडा ते!" साहेब दचकले. "संगणक जोडणाऱ्याने ठेवलंय ते नाव. सहा वर्षांत कुणी उघडलेलं नाही."

"का?"

"का म्हणजे? लिहिलंय ना तसं!"

धन्य ते डोळस! "माझा तर जन्म गेला हात लावण्यात," म्हणत बाईंनी फोल्डर उघडलाच.

आवाज म्हणाला, "मुख्य कार्यालयाचा सर्व्हर. पासवर्ड द्या."

बाईंनी तडक तिकडे फोन लावला. तिथला तंत्रज्ञ म्हणाला, "अहो, आमचं फाइलींचं कपाट तुमच्या टेबलावरून उघडावं म्हणून तर जोडून दिलं होतं! तुम्ही तिथून पुसलं की इथलंही पुसलं जातं, म्हणून तसं नाव ठेवलं."

"आणि शिपायाला सहा वर्षं बसने हिंडवलंत?"

"आम्हाला वाटलं, तुम्हाला तेच सोयीचं पडतं."

बाईंनी कपाळावर हात मारला. सांगितलेला पासवर्ड टाकला. साहेबसुद्धा चहाचा कप टेबलावर ठेवून पुढे वाकले.

"गणित, दुरुस्त प्रत," आवाज म्हणाला.

बाईंची टेबलावर अशी थाप पडली की साहेबांचा चहा सांडला. मूळ फाइल जागेवर ठेवून बाईंनी नक्कल इकडे घेतली आणि यंत्र खडखडू लागलं. पहिली प्रत हाती येताच बाईंची बोटं धावली. एक, दोन, करत करत अठरावं उत्तर आलं. तेही बरोबर!

चारला दहा मिनिटं असताना अकरा पुस्तकं गाडीत चढली. गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत बाई दारात उभ्या होत्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "साहेब, आज झाले हो मी गणितात पास!"