दारावरचा दिवा

दिवा लागला, तशी मोठ्या सिस्टरांनी औषधांचा ट्रे धाकट्या सिस्टरच्या हातात दिला आणि त्या चालू लागल्या. धावायचं नाही, रेंगाळायचंही नाही. या इमारतीत चालायची एक रीत होती आणि ती त्यांनीच लावलेली. रबरी तळव्यांची चुपचुप लांबलचक व्हरांड्यातून पुढे सरकायची, आणि खोल्याखोल्यांतली माणसं ती ऐकून, कुणी आपलं येतंय या भरवशावर, अर्ध्या झोपेत कूस बदलायची.

टोकाची खोली. दारावर पिवळा दिवा. आत शिरल्या शिरल्या सिस्टरांनी भिंतीवरचं बटण दाबलं, दिवा विझला. तिकडे टेबलावरच्या संगणकाच्या पडद्यावर नोंद पडली असणार, बोलावलं कधी आणि पोचलं कधी. आधी बटण, मग बोलणं, हा नियम.

"काय हवंय, साहेब?"

पलंगावरच्या गृहस्थांनी डोळे किलकिले केले. बेलचं बटण त्यांच्या छातीवर होतं, एखादं पाखरू धरावं तसं दोन्ही हातांखाली.

"काही नाही. चालू द्या."

"पाणी देऊ?"

"नको."

"दुखतंय का कुठे?"

"दुखतं तेवढं दुखतंय. त्याच्याबद्दल तक्रार नाही." मग जरा थांबून म्हणाले, "आज मात्र तुमचा काटा किंचित मागे आहे. चहा पीत होतात?"

"औषधं वाटत होते."

"मग माफ."

खुर्चीतल्या काकूंनी, त्यांच्या बायकोने, शाल सावरली. "अहो, पुरे की आता! त्या काय बाजारातल्या दुकानदार आहेत? बिचाऱ्या उठून येतात आणि तुमचं आपलं काही नाही, काही नाही."

सिस्टर हसल्या, उशी सारखी केली आणि बाहेर पडल्या. हसू मात्र दारापर्यंतच टिकलं.

ही जागा माणसाला बरं करून घरी धाडण्याची नव्हती. इथे लोक शेवटचे दिवस नीट जावेत म्हणून येत, आणि ते नीट जातात की नाही हे बघणं मोठ्या सिस्टरांचं काम. दुखणं किती उतरलं, तोंड कोरडं पडलं का, घरच्यांना कुणी समजावून सांगितलं का, बेल वाजल्यावर किती वेळात माणूस पोचलं, हे सगळं त्या बघत आणि मांडत. लवकरच तपासणीला समिती यायची होती. पडदे धुऊन झाले होते, पंख्यांची पाती पुसून झाली होती. आणि या टोकाच्या खोलीतली बेल दिवसभर उगाच वाजत होती. तेवढ्यासाठी दुसरीकडे माणूस उशिरा पोचायचं आणि सगळ्या वॉर्डाचा हिशेब बिघडायचा.

त्या गृहस्थांना सगळे काटासाहेब म्हणत. उभं आयुष्य त्यांनी वजनमापं तपासण्यात घालवलं होतं. दुकानादुकानांतून जाऊन तराजूचा काटा बघायचा, लोखंडी वजनं खरी की झिजवलेली ते ताडायचं आणि शिक्का मारायचा. अंगावर आता मांस उरलं नव्हतं, पण नजर तशीच. डॉक्टर नाडी बघायला वाकले तरी काटासाहेब त्यांच्या घड्याळाकडे बघत, बरोबर चालतंय ना म्हणून.

आणि काकू? काकू खुर्चीत. आले त्या दिवशी बसल्या त्या बसल्याच. घर तसं जवळ होतं, फाटकातून निघून दोन वळणांवर. पण अंथरुणाला पाठ लागली नव्हती. डोळ्यांखाली काळं धरलं होतं, घोटे सुजले होते. मावशी खोली पुसायला आल्या की म्हणायच्या, "अहो काकू, जरा घरी जाऊन पडा. नाहीतर दुसरी खाट तुमच्यासाठी घालावी लागेल आम्हाला." काकू नुसत्या पाय वर घ्यायच्या, फरशी पुसून झाली की खाली ठेवायच्या.

कधी कधी दुपारी त्या पुटपुटल्यासारखं गुणगुणत. शब्द त्यांचेच, चाल जुनी.

*निजा निजा डोळ्यांनो, मी आहे उशापाशी*
*ओळखीन पाऊल मी, थांबलं जे दारापाशी*

धाकटी सिस्टर एकदा उगाच दाराशी उभी राहून ते ऐकत होती. कढत दुपार, पांढऱ्या पडद्यातून गाळून आलेला उजेड. ती म्हणाली, त्या खोलीत गेलं की वाटतं आपणच कुणाच्या तरी स्वप्नात शिरलोय, हळू चालायला पाहिजे.

शेवटी मोठ्या सिस्टरांनी बोलायचं ठरवलं. काकू तांब्या भरायला बाहेर गेलेल्या बघून त्या आत आल्या.

"साहेब, स्पष्ट बोलू?"

"स्पष्ट बोलणाऱ्याला मी शिक्का न बघता सोडायचो."

"तुम्ही कारण नसताना बेल दाबता. परवा शेजारच्या आजींना उलटी होत होती, आणि माझी धाकटी सिस्टर इथे तुमचं 'काही नाही' ऐकत उभी."

काटासाहेबांचा चेहरा उतरला. "हे मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले.  मग हळूच विचारलं, "ती गेली ना तांब्या घेऊन?"

"हो."

"तिची थोरली बहीण होती. आईच्या जागी. मोठ्या इस्पितळात ठेवलं होतं, चांगलं नावाजलेलं. ही रात्रीची घरी आली, दोन घास खाऊन झोपली. सकाळी गेली तर..." त्यांनी छातीवरचं बटण जरासं वर उचलून दाखवलं. "हे हातात होतं तिच्या. मुठीत. दारावर दिवा लागलेला. कधीपासून, देव जाणे."

सिस्टरांनी दाराकडे एक नजर टाकली, काकू येत नाहीत ना म्हणून.

"तेव्हापासून हिने धसका घेतलाय. मी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, तुम्ही सांगितलंत. हो हो म्हणते आणि बसून राहते. सिस्टर, गिऱ्हाइकाला तोंडी सांगून पटत नाही हो. त्याच्या डोळ्यांदेखत वजन टाकावं लागतं. आणि तपासणी सांगून सवरून केली तर तो तमाशा. आम्ही साध्या कपड्यांत जायचो, पावशेर साखर मागायचो. तशी ही बेल." त्यांना दम लागला. "मी गेल्यावर तिला जगायचंय. तिने आत्ताच अंथरूण धरलं तर कसं व्हायचं? मला तिला एकदा घरी निजवायचंय. बाकी माझं काही मागणं नाही."

दारात पावलं वाजली, काकू भरला तांब्या घेऊन आल्या. काटासाहेब एकदम साळसूद झाले. "सिस्टर म्हणत होत्या, मी बरा पेशंट आहे."

"असं म्हणायला त्यांना तुमच्याबरोबर संसार करावा लागला नाही ना," काकू म्हणाल्या.

त्या दिवसापासून टोकाच्या खोलीची बेल मोठ्या सिस्टरांनी स्वतःकडे घेतली. बाकीच्यांनी आपापल्या माणसांकडे बघावं, तिथे मी जाईन. धाकटीने विचारलं, "आणि समिती?" सिस्टर म्हणाल्या, "ती येईल तेव्हा येईल."

दिवा लागायचा, पाऊल निघायचं. दिवा विझायचा, "काही नाही, चालू द्या." सकाळच्या कोवळ्या उन्हात, दुपारच्या पेंगेत, दिवेलागणीला. पहिल्यांदा काकू दर वेळी मान वर करून दाराकडे बघत, श्वास धरून. मग नुसतेच डोळे उचलू लागल्या. मग तेही नाही, हातातलं विणकाम चालू ठेवून म्हणत, "आल्या बघा तुमच्या." आणि एकदा सिस्टर आत आल्या तर काटासाहेबांनी ओठांवर बोट ठेवलं. काकूंची मान खुर्चीच्या पाठीवर कलली होती, सुई मांडीवर घसरली होती. बेल वाजली, माणूस आलं, आणि त्यांना जागसुद्धा आली नव्हती.

काटासाहेबांचे डोळे भरून आले होते. ते कुजबुजले, "आज मी दुकानात गेलो होतो. औषधाच्या गुंगीत जातो कधीकधी. मोठ्ठा तराजू. एका पारड्यात हिची झोप ठेवलेली, दुधावरच्या सायीसारखी. दुसऱ्यात काय ठेवावं तेच सापडेना. लोखंड ठेवलं तर ते वर जायचं."

सिस्टरांनी सुई उचलून टोपलीत ठेवली. जाताना दार लोटून घेतलं, आवाज न करता.

दोन दिवसांनी काकूच म्हणाल्या, "जाऊन येऊ का जरा? अंग धुऊन, पाठ टेकून येते. तुम्ही नको म्हणालात तर नाही जात."

"जा. कडी लाव आणि झोप," काटासाहेब म्हणाले. "फुलझाडांना पाणी घालत बसू नकोस."

"बेल हातात ठेवा."

"ठेवतो."

काकू गेल्या. थोड्या वेळाने दिवा लागला. सिस्टर आल्या.

"गेली?"

"गेल्या."

"वळून बघितलं?"

"फाटकापाशी थांबल्या होत्या. मग गेल्या."

"बरं झालं." त्यांनी डोळे मिटले. बाहेर कुणी तरी गवत कापत होतं, ओल्या हिरव्या वासाची एक लाट खोलीभर पसरली. "चालू द्या."

समिती नेमकी त्याच दुपारी आली. न कळवता आली, हे विशेष. चष्मेवाले एक गृहस्थ आणि दोन बायका टेबलावरच्या पडद्याभोवती जमले. आकडे बघून मान हलवू लागले. "उत्तम," गृहस्थ म्हणाले. "आज तर फारच छान. या टोकाच्या खोलीची बेल सारखी वाजते म्हणे, पण आता बराच वेळ शांत दिसतेय."

मोठ्या सिस्टर बोलता बोलता थांबल्या. व्हरांड्याच्या त्या टोकाकडे बघितलं. दारावर दिवा नव्हता. कितीतरी वेळ नव्हता.

"मी आले," त्या म्हणाल्या. आणि आयुष्यात पहिल्यांदा या व्हरांड्यात भराभर चालल्या.

काटासाहेबांचा श्वास बदलला होता. येई, थांबे, पुन्हा लांबून कुठून तरी आल्यासारखा येई. बटण उघड्या तळहातावर होतं, बोटं सैल. चेहऱ्यावर कसली ओढाताण नव्हती. सिस्टरांनी धाकटीला हाक मारून काकूंना फोन करायला सांगितलं, स्टूल ओढलं, आणि त्या तळहातावर आपला हात ठेवला, बटणासकट.  मग काकूंची ती ओळ आठवली, तीच त्या हळू हळू म्हणत राहिल्या, चाल चुकली तरी. पडदा आत येई, बाहेर जाई. श्वासही तसाच. मग पडदा आत आला आणि श्वास नाही आला.

काकू पोचल्या तेव्हा केस ओले होते, गालावर उशीच्या अभ्र्याची घडी उमटलेली. त्या पलंगापाशी उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत.

"मी झोपले होते," त्या म्हणाल्या. "गाढ. फोन वाजला तो आधी ऐकूच नाही आला मला. इतकी झोपले."

त्यांची नजर साहेबांच्या तळहातावरच्या बटणावर गेली.

"सिस्टर, बेल वाजवली त्यांनी?"

हो म्हणणं फार सोपं होतं. वाजवली, आणि मी लगेच आले. त्या एका शब्दाने या बाईच्या मनावरचं ओझं उतरलं असतं. सिस्टरांनी शालीची घडी उगाच उलगडली, पुन्हा घातली.

"नाही, काकू. वाजवली नाही. म्हणूनच आले. मी त्यांच्याजवळ होते, शेवटपर्यंत."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. खूप वेळ. तराजूचा काटा हलायचा थांबेपर्यंत बघावं, तसं.

"मला जरा बसू द्या इथे," त्या म्हणाल्या.

सिस्टर बाहेर आल्या. टेबलाशी समिती चहा घेत होती. चष्मेवाल्यांनी उठून "वाईट झालं" म्हटलं, आणि मग, कामाचं बोलायचंच म्हणून, दारावरच्या दिव्याची पद्धत पुन्हा एकदा समजावून सांगाल का असं विचारलं. सिस्टर सांगू लागल्या. दिवा लागतो, माणूस पोचतं, पोचल्यावर आधी भिंतीवरचं बटण दाबतं, तेव्हा वेळ मोजणं थांबतं...

टोकाच्या खोलीवर दिवा लागला.

धाकटी जागीच थिजली. चष्मेवाल्यांनी पडद्याकडे बघितलं, मग व्हरांड्याकडे. मोठ्या सिस्टर तेवढ्यात निघाल्या होत्या. धावत नाही, रेंगाळत नाही. चुपचुप, चुपचुप.

आत काकू खुर्चीत नव्हत्या, पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. बटण त्यांच्या हातात होतं.

"काय हवंय, काकू?"

"काही नाही," काकू म्हणाल्या.

सिस्टरांचा हात सवयीने भिंतीकडे गेला. अर्ध्यावर थांबला. मग तो त्यांनी मागे घेतला, स्टूल जवळ ओढलं, आणि काकूंच्या शेजारी बसल्या.

दारावरचा दिवा तसाच जळत राहिला.